शोकाच्या घरांतील उपकारस्तुति

शास्त्रपाठ : मार्क ५:२१-४३, रूथ, अध्याय १ व २, फिलिप्पै २:२५-३०



ज्या घरीं आजार येऊन गेला आणि सर्व माणसें बरीं होऊन उठलीं, त्या घरीं उपकारस्तुति करणें सोपें असतें. ज्या घरांतून आजारानें प्रिय माणूस नेलें, त्या घरीं जाऊन शोक करणाऱ्यांच्या शोकांत भाग घ्यावा, हेंहि आपल्या मंडळ्यांतून बहुधा होतें. परंतु तिसऱ्या प्रकारचें एक घर असतें, आणि तेथें जावयाचें म्हणजे पुष्कळ उपदेशकांची जीभ अडखळते. त्या घरांत दोघे एकाच वेळीं आजारी पडले. एक उठला व एक गेला. तेथें काय बोलावें? उठलेल्याबद्दल देवाचे आभार मानावे, तर गेलेल्याच्या आईला तें बोचतें. गेलेल्यासाठीं शोक करावा, तर उठलेल्याला वाटतें कीं, आपण जगलों हा जणूं आपला अपराधच झाला.

२०२० व २०२१ ह्या वर्षीं करोनाच्या सांथीनें अशीं घरें गांवोगांव केलीं. विशेषेंकरून २०२१ च्या उन्हाळ्यांत बाप व लेक, नवरा व बायको, भाऊ व भाऊ एकाच आठवड्यांत इस्पितळांत गेले आणि एकच परत आला, असें किती ठिकाणीं घडलें! माती देण्यासहि मोजकींच माणसें जाऊं शकलीं. तीं वर्षें मागें पडलीं. परंतु क्षय, डेंग्यू, विषमज्वर, सर्पदंश आणि रस्त्यावरचे अपघात हे कोठें गेले आहेत? तिसऱ्या प्रकारचीं घरें आजहि होतच आहेत; म्हणून ह्या विषयाकडे थोडें लक्ष लावूं.

एका बहिणीचें बोलणें येथें सांगतों. त्या सांथींत ती व तिचे मालक दोघेंहि आजारी पडलीं. मालक गेले. तिच्या जिभेची चव व नाकाचा वास हीं दोन्हीं नाहींशीं झालीं, जसें त्या आजारांत अनेकांचें झालें. तीन महिने अन्न म्हणजे तिला निव्वळ माती. मग एके दिवशीं सून चुलीवर सुक्या बोंबलाचें कालवण करीत असतां ओसरीवर बसलेल्या हिला लसणाच्या फोडणीचा वास आला. ती मला म्हणाली, "पाळकसाहेब, वास आला आणि मला इतकें बरें वाटलें, कीं मागाहून माझी मलाच लाज वाटली. मालक मातींत, आणि मी बोंबलाच्या वासानें सुखावतें. कसली बाई मी?"

ह्या प्रश्नाचें उत्तर काय द्यावें, तें पवित्र शास्त्रांत शोधूं.

प्रथम याईराच्या घरीं चला. मुलगी बारा वर्षांची. बाप सभास्थानाचा अधिकारी, मानाचा मनुष्य, पण त्या दिवशीं सर्व मान विसरून प्रभूच्या पायां पडलेला. वाटेंत एक बाई भेटते. तिला बारा वर्षांपासून रक्तस्राव होत होता व वैद्यांच्या पायीं तिनें सर्व कांहीं घालविलें होतें. म्हणजे ती मुलगी जितकीं वर्षें लाडांत वाढली, तितकींच वर्षें ही बाई कुढत होती, आणि तीहि त्याच मुलुखांत. हें आपल्या आळींत घडतें तसेंच तेथेंहि घडलें. पुढें मुलगी मेल्याचा निरोप येतो, रडणाऱ्यांची गर्दी जमते, प्रभु सर्वांना बाहेर काढून मुलीचा हात धरितो आणि ती उठून चालूं लागते. अशा वेळीं आपण तेथें असतों तर काय केलें असतें? गीत धरलें असतें, लांबलचक प्रार्थना केली असती, कदाचित् मिरवणूकहि काढली असती. प्रभूनें काय केलें? गाजावाजा करूं नका अशी ताकीद दिली, आणि मुलीला कांहीं खाण्यास द्यावें असें सांगितलें.

आईबाप आनंदानें इतके भांबावले असतील, कीं मुलीच्या पोटांत सकाळपासून कांहीं नाहीं हें त्यांच्या ध्यानींहि आलें नसेल. ज्याच्या शब्दानें मरण मागें सरलें, त्याच्या तें ध्यानीं आलें. त्या दिवशीं त्या घरीं काय शिजलें तें मार्कानें लिहिलें नाहीं. आपल्याकडे असतें तर आईनें मऊ भाताची पेज केली असती, तींत चिमूटभर मीठ घातलें असतें आणि फुंकर घालून घालून ती पाजली असती. ती पेज गोड लागली हें त्या मुलीचें पाप होतें काय? उलट, प्रभूची आज्ञाच त्या घोटानें पुरी झाली. म्हणून त्या बहिणीला मीं पहिलें उत्तर हें दिलें, कीं बाई, तुला फोडणीचा वास आला, तो प्रभूनेंच तुझ्याकडे पाठविला. तुला बरें करणारा हात आणि तुला भूक लावणारा हात एकच आहे.

(पेत्राच्या सासूचा ताप गेला व ती उठून पाहुण्यांची सेवा करूं लागली, असें मार्काच्या पहिल्या अध्यायांत आहे. ह्या वचनाचा आधार घेऊन आजारांतून उठलेल्या सुनेला दुसऱ्याच दिवशीं चुलीपाशीं बसवूं नये. पेत्राच्या सासूला प्रभूनें बरें केलें होतें. आपल्या सुनेला अद्याप शक्ति यावयाची असते.)

आतां नामीकडे या. दुष्काळामुळें ती बेथलेहेम सोडून मवाब देशीं गेली. तेथें तिचा नवरा अलीमलेख मेला, मग महलोन व खिल्योन हे दोघे मुलगेहि मेले. ती परत आली तेव्हां गांवच्या बायका भोंवतीं जमल्या, आणि ती त्यांना म्हणाली कीं, मला आतां गोड अर्थाच्या नांवानें हांक मारूं नका. माझें नांव कडू ठेवा, कारण देवानें मला भरलेली नेली व रिकामी आणली. हें बोलणें ऐकून आपल्यापैकीं एखाद्या उपदेशकानें तिला तत्काळ थांबविलें असतें: "बाई, कुरकुर करूं नकोस, प्रभूची इच्छा!" शास्त्रांत तिला कोणीहि दटावलेलें नाहीं. तिचें कडू बोलणें जसेंच्या तसें लिहून ठेविलें आहे, आणि पुढच्याच ओळींत सांगितलें आहे कीं, तेव्हां सातूच्या कापणीस आरंभ झाला होता.

देवानें नामीशीं वाद घातला नाहीं. त्यानें शेत पिकविलें होतें. रूथ सरवा वेंचावयास गेली. दुपारीं बवाजानें तिला भाजलेलें धान्य दिलें. तिनें पोटभर खाऊन उरलेलें राखून ठेविलें, आणि सायंकाळीं एफाभर सातूबरोबर तेंहि सासूपुढें ठेविलें. भाजलेलें ताजें धान्य म्हणजे काय, हें आपल्या लोकांस सांगावयास नको. थंडीच्या दिवसांत शेतांत आगटी पेटवून ज्वारीचीं कोंवळीं कणसें भाजावीं, हातावर चोळावीं, आणि ऊन ऊन हुरडा खावा, हें सुख राजालाहि पुरवत नाहीं. त्या म्हातारीच्या कडू झालेल्या तोंडीं पहिला आशीर्वाद आला तो हा घास पुढें आल्यावर. नातवाचा जन्म तर पुढें चौथ्या अध्यायांत आहे. तोंपर्यंत ती थांबली नाहीं.

आणि आशीर्वाद देतांना ती काय म्हणते तें नीट वाचा (रूथ २:२०). देवानें जिवंतांवर दया केली, एवढेंच ती म्हणत नाहीं. त्याच वाक्यांत ती मेलेल्यांचीहि आठवण काढते, कीं त्यांच्यावरचीहि दया देवानें सोडली नाहीं. नवरा व दोघे लेक तिच्या उपकारस्तुतींतून बाहेर राहिले नाहींत. मला वाटतें, आपली चूक बहुधा येथेंच होते. आभार मानावयाचे तर मेलेल्यांना विसरलें पाहिजे, आणि मेलेल्यांची आठवण धरावयाची तर आभार मानतां येत नाहींत, असें आपण समजतों. नामीनें दोन्हीं एका श्वासांत केलीं. मालकांना तें कालवण आवडत होतें काय, असें मीं त्या बहिणीला विचारलें. ती म्हणाली, "फार. वर आणखी एक भाकरी खायचे." मीं सांगितलें, मग आज जेवणापूर्वीं प्रार्थना करशील तेव्हां देवाला तेंच सांग, कीं हें त्यांना फार आवडत होतें, आणि इतकीं वर्षें तूं आम्हां दोघांना तें एकत्र खाऊं दिलेंस.

येथें एका खोट्या शिकवणीविषयीं बोललेंच पाहिजे, कारण ती खेड्यापाड्यांतून फार पसरली आहे. कांहीं लोक तिसऱ्या प्रकारच्या घरीं जातात आणि म्हणतात कीं, जो उठला त्याचा विश्वास मोठा होता. जो गेला त्याचा कमी पडला, किंवा घरांत कांहीं लपलेलें पाप होतें. असें बोलणाऱ्यांनीं लूक १३:४ वाचावें. सिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तीं इतरांहून अधिक पापी नव्हतीं, हें प्रभूनें स्वतः स्पष्ट केलें आहे. त्याउपर पौलाचीं पत्रें पाहावीं. एपफ्रदीत मरणास टेकला होता आणि बरा झाला. त्रफिमाला मात्र पौलानें मिलेतांत आजारी ठेवून पुढें जावें लागलें (२ तीमथ्य ४:२०). दोघेहि सोबती, दोघांसाठीं प्रार्थना करणारा प्रेषित एकच. एक बरा कां झाला व दुसरा कां झाला नाहीं, ह्याचें कारण पौलानें दिलें नाहीं. जें पौलानें सांगितलें नाहीं तें आपण एखाद्या मुलगा गेलेल्या आईला तिच्याच ओसरीवर बसून सांगूं नये.

एपफ्रदीताविषयीं पौल जें लिहितो त्यांतील एक गोष्ट मोठी मोलाची आहे. देवानें त्याच्यावर दया केली, आणि आपल्यावरहि केली, नाहीं तर दुःखावर आणखी दुःख झालें असतें, असें तो म्हणतो. म्हणजे पहिलें दुःख होतेंच. तो बेड्यांत होता, आणि सोबती बरा झाल्यानें त्या बेड्या कांहीं तुटल्या नाहींत. एक दुःख उरलें असतां दुसरें टळलें, ह्याबद्दल त्यानें आभार मानले. सर्व दुःखें सरल्यावर आभार मानूं असें जो ठरवितो, त्याला ह्या जगांत तो दिवस फारसा येत नाहीं.

आजारांतून उठणाऱ्या भावाबहिणींस दोन शब्द सांगतों. तुम्हांला जें आतां दिसतें, तें सदा निरोगी असणाऱ्याला दिसत नाहीं. तीन आठवडे खाटेवर पडलेला मनुष्य पहिल्यानें आपल्या पायांनीं विहिरीपर्यंत जातो, तेव्हां ती वाट त्याला नवी वाटते. सकाळचें कोंवळें ऊन पाठीवर घेणें, घागरींतील गार पाण्याचा घोट, डोक्यावरून ऊन पाणी घेऊन आलेली झोंप, गोठ्यांत म्हशीच्या धारांचा आवाज, दारांत उड्या मारणारें करडूं, नातवानें मांडीवर येऊन बसणें, शेजारणीनें पदराखालून आणलेली वाटीभर आमटी. ह्यांतील एकहि गोष्ट नवी नव्हती. आजारापूर्वीं तीं सर्व होतींच, पण आपण त्यांच्याकडे पाहात नव्हतों. पुढें अंगीं शक्ति आली, पेरणी आली, कर्जाचा हप्ता आला, म्हणजे हें दिसणें पुन्हां मावळूं लागेल. तोंपर्यंत एकेका गोष्टीचें नांव घेऊन देवाला सांगत जा. "प्रभो, आज मी भिंतीला न धरतां अंगणांत आलों," एवढी प्रार्थना पुरे आहे. ती म्हणावयास लाज वाटूं देऊं नका, जरी त्याच अंगणांत गेलेल्या माणसाची खाट रिकामी असली तरी. आणि तें म्हणतांना रडूं आलें तर तेंहि येऊं द्या.

मोठमोठ्या नवसांपेक्षां असें बोलणें अधिक टिकतें. हिज्कीया राजा मरणाच्या दारीं होता. त्यानें भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, आणि देवानें त्याला आणखी पंधरा वर्षें आयुष्य दिलें (यशया ३८). त्यानें उपकाराचें मोठें सुंदर स्तोत्र रचलें व जन्मभर मंदिरांत गाण्याचें मनांत धरलें. पण पुढच्याच अध्यायांत बाबेलचे वकील भेटीस आले, तेव्हां त्यानें त्यांना काय दाखविलें? आपलें भांडार, सोनें, रुपें व शस्त्रें. त्याला मिळालेल्या उपकारास साजेसें तो वागला नाहीं, असें २ इतिहास ३२:२५ मध्यें स्पष्ट आहे. मीं बरा झालों तर देवळाला घंटा देईन, असें म्हणणारे बंधु आपल्याकडेहि आहेत. घंटा जरूर द्या. पण ती वैद्याच्या फीसारखी देवाला चुकती केली, असें मनांत आणूं नका. आणखी एक गोष्ट. हिज्कीयानें प्रार्थना केली असतांहि यशयानें त्याच्या गळवावर अंजिरांचें पोटीस बांधविलें. जे बंधु क्षयाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या, ज्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात, दोन महिन्यांत बरें वाटलें म्हणून सोडून देतात आणि त्याला विश्वास असें नांव देतात, त्यांनीं ते अंजीर आठवावे.

जेवणापूर्वींची प्रार्थना ही लहान गोष्ट वाटते; म्हणून एका दूरच्या पाळकाची हकीकत सांगतों. जर्मनी देशांत १६१८ पासून १६४८ पर्यंत तीस वर्षें युद्ध चाललें होतें. त्या काळीं साक्सनी प्रांतांतील आयलेनबुर्ग ह्या तटबंदीच्या गांवीं मार्टिन रिंकार्ट (१५८६-१६४९) हा पाळक होता. युद्धाला भिऊन भोंवतालचे लोक त्या गांवांत येऊन दाटीवाटीनें राहिले, आणि १६३७ सालीं तेथें महामारी शिरली. सेवेसाठीं शेवटीं तो एकटाच पाळक उरला. त्यानें त्या वर्षीं चार हजारांहून अधिक माणसांस माती दिली. त्यांत त्याची स्वतःची पत्नी होती. महामारीच्या मागोमाग दुष्काळ आला, तेव्हां घरांत होतें नव्हतें तें त्यानें भुकेल्यांस वांटलें. ह्याच मनुष्याचें एक उपकारस्तुतीचें गीत आज जगभर अनेक भाषांतून गातात. मोठमोठ्या समारंभांत तें गातात, म्हणून तें कोठल्या तरी विजयाच्या दिवशीं रचलें असावें असें वाटतें. परंतु १६३६ च्या सुमारास त्यानें तें रचलें तें मुळांत जेवणाच्या वेळीं म्हणण्याची लहानशी प्रार्थना म्हणून. पुढच्या वर्षीं पत्नीची जागा रिती झाली, तरी जेवणाची वेळ रोज येतच राहिली, आणि मुलांच्या पुढ्यांत जें असेल त्यासाठीं देवाचे आभार मानणें त्याला रोज प्राप्त होतें. लग्नांत किंवा सणाला आभार मानणें त्या मानानें कांहींच नव्हे.

आपल्या महाराष्ट्रांतहि असें उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) वडील दुष्काळाच्या काळांत १८७४ सालीं वारले. पाठोपाठ आई व बहीण गेली. १८८० सालीं भाऊ गेला. पुढें सुमारें वर्षभरानें मुलगी झाली, तिचें नांव त्यांनीं मनोरमा ठेविलें, म्हणजे मन रमविणारी. १८८२ सालीं पति पटकीनें गेले. इतकें सोसलेल्या बाईनें केडगांवीं विहिरी खणल्या, बागा लाविल्या, गाईगुरें पाळलीं आणि दुष्काळांतून आणलेल्या शेकडों मुलींना जेवूं घातलें. जिच्या घरचीं माणसें भुकेनें खंगून गेलीं, तिनें दुसऱ्यांच्या लेकींच्या ताटांत भाकरी वाढली. ती मनोरमाहि १९२१ सालीं आईच्या आधीं गेली. तरीहि शास्त्राच्या मराठी भाषांतराचें काम रमाबाईंनीं अखेरपर्यंत हातचें सोडलें नाहीं. त्यांना दुःख नव्हतें असें कोण म्हणेल?

आपल्या मंडळ्यांतील एक रीत मात्र मला सहन होत नाहीं. नवरा गेलेल्या बहिणीला आपल्यांतील कांहीं घरीं अजूनहि लग्नाच्या हळदीजवळ येऊं देत नाहींत. रंगीत लुगडें नेसली तर कुजबुज होते. हंसली तर दोन बाया एकमेकींकडे पाहतात. आपण मूर्ति सोडल्या, पण ही समजूत घराच्या आढ्याला टांगून ठेविली. नवरा गेला म्हणून देवानें तिची जीभ, तिचे डोळे व तिचें हंसूं काढून घेतलें नाहीं. मग तें काढून घेण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? नाइनच्या विधवेसाठीं ज्याचें हृदय कळवळलें, त्याच्या नांवानें जमणाऱ्या मंडळींत तरी तिला हळदीचा पहिला हात लावूं द्या. पंचांनीं हें एकदां सभेंत ठरवावें. एकट्या बाईवर तें सोडलें तर ती बिचारी मागेंच राहील.

उपदेशक बंधूंस शेवटीं एक विनंति. अशा घरीं पहिल्या दिवशीं जाल तेव्हां उपकारस्तुतीची गोष्ट काढूं नका. नामीचे कडू शब्द ऐकून घ्या आणि गप्प बसा. जातांना रिकाम्या हातीं जाऊं नका. पेजेसाठीं तांदूळ, थोडा गूळ, नाहीं तर घरची भाजी घेऊन जा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जा. गेलेल्या माणसाचें नांव तुम्ही आपण होऊन घ्या. लोक तें टाळतात आणि घरच्यांना वाटतें कीं गांव त्याला विसरला. उठलेल्या भावाला त्याच्या प्रकृतीविषयीं विचारा, काय खावेंसें वाटतें तें विचारा, आणि तें सर्वांच्या देखत विचारा, म्हणजे त्याच्या मनांतील चोरटेपणा जाईल. सुगीच्या सणाला त्या घरचें पायलीभर धान्य वेदीपुढें येईल, तेव्हां तें गेलेल्याच्या आणि उरलेल्याच्या दोघांच्या नांवानें स्वीकारा. आणि त्या घरीं जेवावयास बसविलें तर नको म्हणूं नका. ताटावरची प्रार्थना चार वाक्यांची करा. उपदेशक आला आहे म्हणून ती लांबूं नये. कालवण निवत असतें, आणि घरांतील पोरें केव्हांचीं भुकेलेलीं असतात.